पाठमोऱ्यांसाठी लिहिलेला सीन

सदतिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलले.

पटकथालेखनाच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही अकरा जण होतो. गोलात मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा फळा, आणि प्रत्येकाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची. एक जण वकिली सोडून आला होता. एकीने दोन लघुपट केले होते. बाकीची पोरं नुकतीच पदवी घेऊन आलेली, पण अशा काही सिनेमांची नावं घेत होती की मला वाटलं, आपण चुकून भलत्याच वर्गात शिरलोय. माझी पाळी आली. मी म्हणाले, "मी एका ऑफिसात टायपिंग करायचे."

त्यातलं टायपिंग तेवढं खरं होतं. नऊ वर्षं मी टायपिंग केलं, पण ते ताईच्या जेवणाच्या टेबलावर. ताई माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला शाळेत घालण्यापासून माझ्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती रोजच्या मालिकांचे संवाद लिहायची. ती बोलायची, मी टाइप करायचे, मधूनमधून एखादं वाक्य मीही सुचवायचे, आणि दुपारी शूटिंग असलेला सीन सकाळी अकराला सेटवर जायचा. नट मेकअप करून घेता घेता पाठ करायचे. अशा चौदाशे भागांच्या श्रेयनामावलीत ताईचं नाव आहे. माझं कुठेच नाही. याचं मला कधीकाळी वाईट वाटायचं. त्या दिवशी वर्गात मात्र हायसं वाटलं.

मला शिकायला धाडलं तेही ताईनेच. मालिकांचं वारं बदललं, नवी माणसं आली, तिला फोन येईनासे झाले. तिने कुरकुर केली नाही. प्रवेशाचा फॉर्म तीच घेऊन आली आणि तीच भरायला बसली. "मी सगळं अंदाजपंचे शिकले," म्हणाली. "तू रीतसर शीक." 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यापाशी तिचं पेन आलं तेव्हा मी फॉर्म तिच्या हातून काढून घेतला. म्हटलं, हे मी नंतर भरते. तो रकाना कोराच गेला.

आमच्या सरांना आम्ही कात्रीसर म्हणायचो. कुणाचंही पान हातात आलं की ते लाल पेनाने वाक्यं खोडत सुटायचे, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे खोडून जे उरायचं ते खरोखरच चांगलं असायचं. "डोळ्यांना सांगा, कानांना नको," हे त्यांचं पालुपद. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, चला, खलनायक मिळाला. या गोष्टीत खलनायक एकच आहे आणि ती सध्या बोलते आहे.

दुसऱ्या महिन्यात सरांनी 'बिघडलेला सीन' या नावाचा तास घेतला. दर वर्षी घ्यायचे, आणि सीनही दर वर्षी तोच. खोलीत अंधार केला, पडदा उजळला, आणि त्यावर एक निळं दार दिसलं. ते दार निळं हवं हे मीच टाइप केलं होतं.

पहाटेची वेळ. बहीण भावाच्या दारात उभी. हातात बॅग. भाऊ दार उघडतो.

"अगं, तू? इतक्या पहाटे? आणि हातात ही बॅग?"

"हो दादा. मी बॅग घेऊन आले."

"बॅग घेऊन? म्हणजे तू घर सोडून आलीस?"

"हो दादा. मी घर सोडून आले. कायमची."

"कायमची!"

मागून वहिनी येते. "अहो, कोण आलंय दारात? अगंबाई, वन्सं! तुम्ही? आणि तुमच्या हातात बॅग?"

या शेवटच्या बॅगेला वर्ग फुटला. पोरं खुर्चीतून घसरायची बाकी होती. सरांनी चित्र थांबवलं. "पंधरा वाक्यं आहेत या सीनमध्ये," ते म्हणाले. "आणि यातलं एकही असं नाही की जे आपल्याला आधी दिसलेलं नाही. का लिहिलं असेल हे असं?"

वकील म्हणाला, "साक्षीदार पुढे फितूर होऊ नये, म्हणून तीनतीनदा वदवून घेतलंय."

पुन्हा हशा. मग सगळे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. बघत नव्हते, पण वाटलं. दोन महिने मी त्या वर्गात कोपऱ्यातल्या खुर्चीसारखी बसून होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "सर, ही मालिका बहुतेक रेडिओवर लागायची."

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकं हसले. लघुपटवाल्या मुलीने माझ्या खांद्यावर थाप मारली. त्या दिवसापासून पोरं मला चहाला बोलवायला लागली.

आता खरं काय ते सांगते. ती वाक्यं तशी का होती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मालिका लागायची संध्याकाळी साडेसातला. त्या वेळी घराघरांतल्या बायका स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या असतात आणि टीव्ही असतो बाहेरच्या खोलीत, त्यांच्या पाठीमागे. त्या मालिका बघत नाहीत, ऐकतात. दारात कोण आलं, हातात काय आहे, चेहरा कसा आहे, हे त्यांना कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं, आणि कुकरची शिट्टी झाली तर पुन्हा सांगावं लागतं. ताई हे कुठल्या पुस्तकात शिकली नव्हती. ती स्वतः वर्षानुवर्षं तशीच ऐकत आली होती.

त्यासाठी आमची एक परीक्षा असायची. सीन टाइप झाला की ताई भांडी घासायला उभी राहायची, नळ मोठा सोडायची, आणि तिच्या पाठीमागून मी मोठ्याने वाचायचं. "कोण आलं?" ती न वळता विचारायची. "हातात काय म्हणालीस?" नळाच्या आवाजात जे हरवलं ते पुन्हा लिहायचं. एकदा दिग्दर्शकाने फोन केला, "एवढं कशाला? कॅमेऱ्यात दिसतंय की." ताईने त्याला असं सुनावलं की माझेच कान तापले. "तुमच्या कॅमेऱ्याला दिसत असेल. माझी बाई भाजी चिरतेय." एका वाक्यासाठी ती अर्धा अर्धा तास भांडायची, आणि वाक्य राहायचं.

वहिनीच्या तोंडची ती शेवटची बॅग, जिच्यावर वर्ग फुटला, ती तर ताईची नव्हतीच. मी सुचवली होती. नळ चालू होता.

त्या तासाचा गृहपाठ म्हणजे तोच सीन कमीत कमी वाक्यांत पुन्हा लिहायचा. मी दोन वाक्यांत लिहिला. भाऊ दार उघडतो. बहिणीकडे बघतो, बॅगेकडे बघतो. काही न बोलता बॅग उचलतो आणि त्याचा खांदा खाली जातो. "किती जड आहे गं." "सगळंच आणलंय." बस. सरांनी पान वाचलं, लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. खाली फक्त 'वा' लिहिलं. मी ते पान वहीत घालून घरी नेलं आणि कितीतरी वेळा काढून बघितलं. आपण कुणाच्या ताटातलं ओढून खातोय हे माणसाला त्या वेळी कळत नाही, असं म्हणतात. मला कळत होतं.

वर्षाच्या शेवटी संस्थेच्या सभागृहात जाहीर वाचन असतं. मुरलेले नट येऊन विद्यार्थ्यांचे सीन वाचतात. निर्माते येतात, चॅनेलची माणसं येतात, नजरेत भरलेल्याला काम मिळतं. सरांनी ठरवलं की आधी बिघडलेला सीन वाचायचा आणि लगेच माझा. वाचन शनिवारी दुपारी. बुधवारी ताईचा फोन आला.

"अगं, तुमच्या सरांचा फोन आला होता मला! स्वतः केला होता." तिचा आवाज पळत आल्यासारखा होता. "आपला तो निळ्या दाराचा सीन तुमच्याकडे अभ्यासाला आहे म्हणे. दर वर्षी! शनिवारी मला पाहुणी म्हणून बोलावलंय. आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस ते?"

सरांचा विचार सरळ होता. ज्या बाईचं लिखाण आपण वर्षानुवर्षं फाडतो, तिला एकदा सन्मानाने बोलवावं, खेळीमेळीत दोन्ही बाजू व्हाव्यात. आणि फोनवर कुणी 'आम्ही तुमची चेष्टा करतो' असं म्हणत नाही. 'अभ्यास करतो' असंच म्हणतं.

"तुला चकित करायचं होतं," मी म्हणाले.

"मी त्यांना सांगणारच होते, माझी धाकटी तुमच्याच वर्गात आहे म्हणून. मग म्हटलं, आधी तुला विचारावं. सांगू का?"

"नको," मी इतक्या घाईने म्हणाले की माझी मलाच लाज वाटली. "उगाच वशिला वाटेल."

"बरोबर आहे तुझं. कळूच द्यायचं नाही. मी आपली परकी पाहुणी." आणि ती हसली.

म्हणजे मला गुरुवार, शुक्रवार असे दोन दिवस होते. फक्त एवढंच सांगायचं होतं: ताई, येऊ नकोस, ते हसणार आहेत. गुरुवारी मी तेच ठरवून तिच्या घरी गेले. ताई कपड्यांना इस्त्री करत होती. शनिवारी घालायच्या. टेबलावर एक कागद होता, तिच्या गोल अक्षरात भरलेला.

"बरं झालं आलीस. मला बोलायला सांगतील ना तिथे? मी थोडं लिहून काढलंय. ऐक."

तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि वाचलं. त्यात नळ होता, ओटा होता, पाठ होती. 'माझ्या प्रेक्षकांचा चेहरा मी कधी बघितला नाही, कारण त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या असायच्या,' असं एक वाक्य होतं. एक वर्ष मी पटकथा शिकत होते आणि इतकं सरळ कुणी काही सांगितलं नव्हतं.

"कसं आहे?"

"छान आहे," मी म्हणाले. "थोडं कापलंस तर."

"कापते," ती लगेच म्हणाली, आणि पेन शोधायला लागली.

"ताई, तो सीन..."

"काय?"

"लांब आहे गं थोडा."

"मग वाचतील सावकाश. घाई कसली आहे?"

माझ्या जिभेला कुणी बांधून घातलं नव्हतं. सरांना फोन करता आला असता, ताईला सांगता आलं असतं, शनिवारी आजारी पडता आलं असतं. पण ताईला सांगायचं म्हणजे रेडिओचा विनोद सांगायचा, आणि सरांना सांगायचं म्हणजे पहिल्या दिवसाचं टायपिंग सांगायचं. आणि शनिवारी दुसऱ्या रांगेत निर्माते बसणार होते. हे शेवटचं मला नंतर सुचलेलं नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी ताई पहिल्या रांगेत, सरांच्या शेजारी बसली. मी चौथ्या रांगेत, वर्गाबरोबर. तिने वळून माझ्याकडे बघितलं नाही. आमचं तसं ठरलंच होतं.

दिवे मंद झाले. एक नट आणि दोन नट्या व्यासपीठावर आल्या आणि त्यांनी निळं दार वाचायला घेतलं. मुरलेले लोक ते, सीन कशासाठी वाचतोय हे त्यांना सांगितलेलं होतं. प्रत्येक 'बॅग' त्यांनी ताणून, डोळे विस्फारून म्हटली. पहिल्या हशाला ताईही हसली. तिला वाटलं असणार, नट रंगात आलेत. मला तिचा एक गाल दिसत होता. तिचे ओठ हलत होते, तिला तो सीन अजून पाठ होता. मग वहिनी आली, "आणि तुमच्या हातात बॅग?" झालं आणि सभागृह कोसळलं. त्या गदारोळात ताईचे ओठ थांबले.

सर उठून म्हणाले, "आमच्या वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, ही मालिका बहुतेक रेडिओवर लागायची." पुन्हा टाळ्या. सरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि वकिलाने मला कोपराने ढोसलं. ताई हसली, पाहुण्याने हसावं तेवढं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. जमीन कशाला दुभंगते? ती अशांना घेत नाही.

मग माझा सीन झाला. दार, बॅग, खाली गेलेला खांदा, दोन वाक्यं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सरांनी मला वर बोलावलं, हातात माईक दिला. मग ताईला बोलावलं.

ती पायऱ्या चढून आली. कागद हातात होता, चार घड्या घातलेला.

"ही आमची विद्यार्थिनी," सर म्हणाले. "तुमचा सीन हिने दुरुस्त केला."

ताईने मला नमस्कार केला. "छान लिहिलंत तुम्ही," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. मला नाक शिंकरायला शिकवणारी बाई ही.

"बाई, एक विचारतो, राग मानू नका," सर खरोखरच्या आदराने म्हणाले. "इतकी वाक्यं का? सगळं दिसत असताना?"

ताईने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, फार नाही, एक श्वास भरायला लागतो तेवढंच. माईक माझ्या हातात होता. उत्तर मला पाठ होतं. एका वाक्यात देता आलं असतं, कमी शब्दांत सांगायचंच तर शिकत होते मी वर्षभर. दुसऱ्या रांगेतला एक माणूस माझ्याकडे बघत शेजारच्याच्या कानात काही सांगत होता. मी माईक खाली धरला.

ताईने कागद मुठीत घेतला. "तेव्हा आम्हाला एवढं कळत नव्हतं," ती म्हणाली. "आता मुलं शिकून येतात. चांगलं आहे."

लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. किती मोठ्या मनाची बाई, असं त्यांना वाटलं. एका वाक्यासाठी अर्धा तास भांडणारी माझी बहीण चौदाशे भाग एका वाक्यात सोडून देऊन पायऱ्या उतरली. सरांनी मला विचारलं, "तुला काही बोलायचंय?" मी सरांचे आभार मानले. संस्थेचे मानले. दिवे सांभाळणाऱ्याचेसुद्धा मानले.

त्यानंतरही मी लगेच बाहेर पळाले नाही. दुसऱ्या रांगेतल्या माणसाने मला थांबवलं, कार्ड दिलं, सोमवारी भेटा म्हणाला. त्यात दहा मिनिटं गेली. मग मी फाटकाबाहेर आले. ताई बसथांब्याच्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"भेटला का तो माणूस?" तिने विचारलं. "मी बघितलं, तो तुझ्याकडेच निघाला होता."

"हो. कागद वाचला नाहीस?"

"कुठे वाचायचा? तुझ्या टाळ्या चालू होत्या. मी मध्येच माझं पुराण लावलं असतं तर तुझ्या सीनचा विचका झाला असता." ती थोडी सरकली, मला बसायला जागा केली. "चांगला लिहिलायस गं. तो खांदा खाली जातो ना, ते मला कधी सुचलं नसतं."

मी बसले. समोरून गाड्या जात होत्या. मग रस्त्याकडेच बघत, आज भाजी काय आणायची असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "एक विचारू? तुला माहीत होतं का? हसायला म्हणून वाचणार आहेत ते?"

तिने पर्सचा पट्टा बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तेव्हा मला कळलं की सभागृह हसलं त्याचं तिला फारसं काही नव्हतं. असल्या हशांना ती पुरून उरली असती. तिला फक्त माझं एवढं उत्तर हवं होतं.

आणि खरं सांगायची हीच वेळ होती. त्या दिवसातली शेवटची.

"नाही गं," मी म्हणाले. "सर म्हणाले होते, जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवू. हसतील हे मला काय माहीत?"

ताईने पट्टा सोडला. तिचा चेहरा असा सैल झाला, जसा माझा ताप उतरला की लहानपणी व्हायचा. "मला वाटलंच," ती म्हणाली. "मगाशी वर उभी होते ना, तेव्हा क्षणभर मनात येऊन गेलं, की हिला माहीत होतं आणि तरी हिने मला येऊ दिलं. बघ, माणसाच्या मनात काय काय येतं." तिने माझा हात स्वतःच्या हातात घेतला. "तुझ्याबद्दल असं मनात आणलं मी. माफ कर हं मला."

लांबून बस येताना दिसली. ताई उठली नाही, हात तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण तिला उत्तर हवं होतं.

"असू दे गं," मी म्हणाले, आणि तिला माफ केलं.